माझ्यावाचून अडलेला तालुका

माझ्यावाचून अख्खा तालुका अडतो, हे सरकारने मला शिक्क्यानिशी कळवलं, तेव्हा पहिला विचार मनात आला तो हा, की याची एक प्रत सासूबाईंना पाठवावी. दुसरा विचार यायच्या आत मी खालची ओळ वाचली आणि टेबलावर डोकं टेकून रडायला लागले. त्या ओळीत लिहिलं होतं, 'सबब, आपली विनंती बदली कायमस्वरूपी नामंजूर करण्यात येत आहे.'

'सबब' हा शब्द ज्याने शोधला त्याला माझा साष्टांग नमस्कार. माणसाचा संसार मोडायला दुसरं हत्यार लागत नाही.

थांबा, नीट सांगते. मी तेजश्री सरगर. सांगलीच्या पूर्वेला, डाळिंबांवर आणि पाण्याच्या टँकरांवर चालणारा आमचा तालुका. नाव मुद्दाम घेत नाही, कारण तिथली माणसं अजून माझ्याशी बोलतात. तिथल्या तहसील कार्यालयात मी महसूल सहायक, म्हणजे पूर्वी ज्याला साधं कारकून म्हणायचे ते. माझा नवरा सूरज शहाद्याला, राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला, सरकारी गुरांच्या दवाखान्यात. लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि त्यातलं एकत्र राहणं म्हणजे दिवाळी, गणपती आणि नात्यात कुणी गेलं तर. त्याच्या खात्यात इकडे जागा निघेना, म्हणून मीच तिकडे जायचा अर्ज केला. नवराबायको दोघं सरकारी नोकर असतील तर त्यांना एकत्र आणायची एक तरतूद आहे. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात. आम्ही सहा वर्षं थांबलो. शेवटी या वर्षी माझा नंबर लागला. सूरजने दोन खोल्यांचं घर बघून ठेवलं आणि घरमालकिणीला सांगूनही टाकलं, की माझी बायको येतेय, जरा भांडखोर आहे पण मनाची चांगली आहे.

आणि नेमका तेव्हाच पगारमर्यादेचा कायदा आला.

कायदा तसा सोपा होता. सरकार एक रुपया खर्च करतं, त्यातले किती पैसे आम्हा नोकरदारांच्या पगारात आणि पेन्शनीत जातात? तो आकडा वाढत वाढत निम्म्याच्या वर गेला होता. म्हणजे रस्ते, शाळा, औषधं, पाणी या सगळ्यांना मिळून अर्ध्या रुपयाहूनही कमीच. ओरड होणारच. बारशाला गेलं तरी कुणीतरी पाळण्यामागून विचारायचं, "काय मग, आमच्या पैशावर मजा ना?" कायद्याने ठरवलं, की पगाराचा वाटा एक-तृतीयांशावर आणायचा. प्रश्न एवढाच, की घरी कुणाला पाठवायचं. पूर्वी हे वशिल्याने ठरलं असतं. आता त्यासाठी 'जुळं' होतं.

जुळं म्हणजे जिल्ह्याची संगणकातली प्रतिकृती. कागद आता जवळजवळ संपलाच आहे. प्रत्येक अर्ज, प्रत्येक दाखला, टँकरची फेरी, रस्त्याचं बिल, हे कुणी आणि कधी पुढे सरकवलं याची खूण कुठेतरी उमटलेली असते. त्या सगळ्या खुणा जोडून शास्त्रज्ञांनी एक दुसरा जिल्हा उभा केला. तेवढीच गावं, तेवढीच माणसं, तसाच न पडणारा पाऊस. मग त्यातून एक कर्मचारी अलगद उचलायचा आणि पुढची दहा वर्षं तासाभरात पळवून बघायची. काही अडलं नाही, तर ती रिकामी खुर्ची. अडलं, तर जितकं अडलं तितकं त्या पदाचं मोल. आता कुणावाचून काय अडेल हे जुळ्याला कळायचं कसं? तर आमच्या रजांवरून. माणूस ज्या दिवशी आला नाही त्या दिवशी काय थांबलं, ते बघायचं. कल्पना इतकी सरळ होती की तिच्यात खोट कुठे काढावी हे कुणालाच सुचेना.

तर ते पत्र. आमच्या चौगुलेने पहिलं पान मोठ्याने वाचलं. टँकरचं टेबल सांभाळणारा हा चौगुले म्हणजे आवाजाने मोठा आणि डोक्याने गरम. 'श्रीमती सरगर या एकट्या अकरा पदांचे काम करीत असून त्यांना चौपट वेतन देण्यात येत आहे.' एवढं वाचून स्वारी धावत कोपऱ्यावर गेली आणि पेढे घेऊन आली. सगळ्यांनी तोंड गोड केलं. मग मुल्लाचाचांनी चष्मा पुसला आणि दुसरं पान वाचलं. बाबालाल मुल्ला आमचे अव्वल कारकून, ऑफिसातले सगळ्यात ज्येष्ठ. ते शांतपणे म्हणाले, "उरलेली दहा पदं अतिरिक्त. पुढच्या महिन्यापासून निम्म्या पगारावर घरी."

चौगुलेचा पेढा तोंडातच राहिला. "म्हंजे माझ्याच तेराव्याचं गोडधोड मीच वाटलं की ओ!"

मी अकरा जणांचं काम करते, यावर खरं तर ऑफिसने पोट धरून हसायला हवं होतं. कुणी हसलं नाही, कारण असं का दिसतंय ते सगळ्यांना ठाऊक होतं. अंगठा, दुसरं काय!

सरकारने आम्हा प्रत्येकाला आपापल्या अंगठ्याने संगणक उघडायची सोय दिली होती. पण इतरांचा अंगठा यंत्र दर दहा मिनिटांनी मागायचं. मुल्लाचाचांच्या अंगठ्याच्या तर रेषाच झिजलेल्या, यंत्र त्यांना ओळखायलाच तयार नव्हतं. माझं नाव मात्र प्रशिक्षणाच्या दिवशी चुकून 'प्रशिक्षक' म्हणून चढलं होतं आणि प्रशिक्षकाचा अंगठा दिवसभर चालतो. मग काय! सकाळी मी एकदा अंगठा टेकवायचा आणि दिवसभर अख्ख्या ऑफिसने माझ्या नावावर काम करायचं. देवळात एकाने घंटा वाजवली की मागच्या सगळ्यांचं दर्शन होतं, तसलाच प्रकार. यात कुणाला काही गैर वाटलं नाही. तहसीलदार बदलून आले की त्यांनाही पहिल्याच दिवशी हे कळायचं. मी रजेवर असले की काउंटरवर सरळ सांगायचे, "आज सिस्टिम बंद आहे, उद्या या." म्हणजे जुळ्याने काय पाहिलं? चौगुले आला नाही, काही अडलं नाही. चाचा आले नाहीत, काही अडलं नाही. सरगरबाई आल्या नाहीत, तालुका ठप्प. बिचाऱ्या यंत्राचं काय चुकलं सांगा!

"मी आत्ताच वर कळवते," मी डोळे पुसत म्हटलं. "खरं सांगितलं की तुमची पदंही वाचतील आणि माझी बदलीही."

मुल्लाचाचांनी मला आपल्या टेबलापाशी बसवलं. "बेटा, अतिरिक्त झालो तर निम्मा पगार येतोय, पेन्शन शाबूत राहतंय. दुसऱ्याच्या अंगठ्यावर काम केलं हे निघालं तर बडतर्फी. नियम मी वाचलाय. माझी तीन वर्षं राहिलीत." त्यांनी चष्मा काढून ठेवला. "तू सांगितलंस तरी मी तुला दोष देणार नाही. पण हात जोडतो."

मला पहिली नोकरी लागली तेव्हा ज्यांनी पेन्सिल धरायला शिकवावं तसं काम शिकवलं, ते चाचा हात जोडत होते. मी गप्प बसायचं कबूल केलं.

सूरजला फोन केला. तो म्हणाला, "चौपट पगार आणि बायको फोनवर. झकास! आता मोठ्या पडद्याचा फोन घे, म्हंजे मी तरी तुला पूर्ण दिसेन."

"टोमणे मारू नकोस, दहा घरांचा प्रश्न आहे."

"अकरावं घर कुणाचं हाय मग?" एवढं बोलून त्याने फोन ठेवला. सहा वर्षांत त्याने आपणहून फोन ठेवायची ती पहिली वेळ. मला इतका राग आला, आणि त्याचं खरं होतं म्हणून आणखीच आला.

आठवड्याभरात डॉक्टर अन्विता केळुसकर आल्या. जुळं बांधणाऱ्या चमूतल्या या प्रमुख शास्त्रज्ञ. चाळिशीच्या, पायात कॅनव्हासचे बूट, केस कसेतरी वर बांधलेले. मला वाटलं, चौकशीच आली. पण बाईंनी माझा हातच हातात घेतला. "तुम्हाला बघायलाच आलेय! तुम्ही हे करता तरी कसं?"

त्यांची अडचण त्यांनी मोकळेपणी सांगितली. पहिल्या तीन जिल्ह्यांत जुळ्याने सांगितली तशी पदं कापली होती. पगार कमी झाला, वाटा उतरायला हवा होता. तो उलट वाढला. "माणसं काढली, तर निविदा निघाल्या नाहीत, मोजण्या झाल्या नाहीत, कामांचा निधी तसाच परत गेला," त्या म्हणाल्या. "वाटा म्हणजे अपूर्णांक हो. वर पगार, खाली एकूण खर्च. वरचा आकडा जरासा उतरला आणि खालचा धाडकन कोसळला. अख्ख्या राज्यात तुमचाच तालुका असा आहे की जिथे दहा माणसं काढून काहीच अडणार नाही. तुमची पद्धत मला शिकायचीय. मग ती सगळीकडे लावू."

म्हणजे आमचा अंगठा आता राज्यभर जाणार होता.

त्यांनी आपल्या पडद्यावर मला माझ्याशिवायचा तालुका दाखवला. पहिल्या आठवड्यात दाखले बंद. मग मुलांचे प्रवेश अडले. मग टँकर थांबले, डाळिंबाच्या बागा वाळल्या, माणसं गाव सोडून निघाली. सातव्या वर्षी बाजारपेठेत कुत्रंही दिसेना. खोटं कशाला बोलू, बघताना अंगावर मूठभर मांस चढलं. आपण मेल्यावर लोक किती रडतात ते बघायला कुणाला आवडत नाही?

"आता तुम्ही रोजच्यासारखं काम करा," बाई म्हणाल्या. "मी नुसती बसते."

मी चहा मागवला. दुसरं काय करणार? बाईंनी मांडीवर पडदा ठेवला. त्यावर माझ्या नावापुढे एक हिरवा ठिपका लुकलुकत होता.

"वा!" त्या म्हणाल्या. "आत्ता एक उत्पन्नाचा दाखला काढलात."

माझ्या एका हातात कप होता, दुसऱ्या हातात बशी.

"आणि हा टँकर मंजूर केलात. हे काय, एक वारसनोंदसुद्धा!" बाईंनी हळूच पडद्यावरून नजर उचलली. आधी माझ्या कपाकडे बघितलं, मग बशीकडे. कोपऱ्यात चौगुलेची बोटं कळफलकावर तशीच थबकली. ठिपका लुकलुकायचा थांबला.

चहा हातात असून पिता येत नव्हता. मी शब्द दिला होता. मी काही बोलणार नव्हते.

मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मुल्लाचाचा उभे राहिले. "मॅडम, वारसनोंद मी केली. मी बाबालाल मुल्ला, अव्वल कारकून. माझा अंगठा यंत्र घेत नाही म्हणून मी या मुलीच्या अंगठ्यावर काम करतो. तिचा यात दोष नाही. तिची बदली अडवू नका. नवरा वाट बघतोय तिची."

"टँकर माझा, मॅडम," चौगुले उठला. मग दाखल्याच्या टेबलावरची बाई उठली. मग एकेक करत दहाही जण उठून उभे राहिले. शाळेत वर्गाबाहेर काढल्यासारखे. मला चाचांना मिठी मारावीशी वाटली, पण ऑफिसात ते बरं दिसलं नसतं, म्हणून नुसतीच रडले.

केळुसकरबाई आधी पांढऱ्या पडल्या आणि मग जे हसायला लागल्या ते थांबेचनात. "दोन वर्षं! अठ्ठावीस शास्त्रज्ञ! आणि आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही, की हा अंगठा कुणाचा!" डोळे पुसून त्या म्हणाल्या, "मला हे वर कळवावं लागेल. पण आधी तुमचे घरी पाठवायचे आदेश महिनाभर थांबवायला लावते, आणि तेवढा महिना प्रत्येकाने आपापल्या अंगठ्याने काम करायचं. चाचांसाठी बुबुळ ओळखणारं यंत्र मी पाठवते. खरा आकडा घेऊन मग काय ते बोलू."

महिनाभर सगळे दर दहा मिनिटांनी अंगठा देत आणि शिव्या घालत बसले. महिना संपल्यावर बाई परत आल्या त्या तोंड पाडूनच. जुळ्याचा नवा निकाल होता, अकराच्या अकरा खुर्च्या रिकाम्या.

"आगीतून फुफाट्यात की ओ!" चौगुले ओरडला. "आता ताईपण गेल्या!"

"जुळं खोटं बोलत नाहीये," बाई म्हणाल्या. "प्रश्नच चुकीचा विचारलाय आम्ही. समजा, अकरा जणांनी गणपतीची मोठी मूर्ती उचललीय. एक जण बाजूला झाला तर मूर्ती पडते का? नाही. उरलेले थोडा थोडा भार घेतात. म्हणून एकेकाला विचारलं, तुझ्यावाचून अडतं का, तर अकरा वेळा उत्तर येणार, नाही. म्हणून अकराही जणांना घरी पाठवलं, तर मूर्ती पायावर. त्या तीन जिल्ह्यांत आम्ही हेच केलं." आपल्या चुकीने किती खुर्च्या गेल्या ते त्यांना दिसत असावं. मला त्यांची कीव आली. "आता गणित बदलते. प्रत्येक जण कधी पहिला काढायचा, कधी मधे, कधी सगळे गेल्यावर शेवटी. काढायचे सगळे क्रम तपासायचे आणि सरासरी धरायची. अकरा जणांचे चार कोटींच्या आसपास क्रम होतात. यंत्राला काय, जेवणाच्या सुट्टीत होईल."

आम्ही भाकरी खाल्ली तोवर झालंसुद्धा. एकही खुर्ची रिकामी निघाली नाही. पहिला आला चौगुले, कारण टँकरवाल्यांना वेळेवर आणणं त्याच्या आवाजाशिवाय कुणाला जमत नव्हतं. मुल्लाचाचा तिसरे. आणि तालुक्याची तारणहार, मी, सातवी.

"सातवी?" मी विचारलं.

"सातवी," बाई म्हणाल्या.

"परत एकदा बघा ना."

"ताई, सातव्या नंबरच्या बाईला शहाद्याला जायला कोण अडवतंय?" चाचा हळूच म्हणाले, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

शिक्षा झालीच. बाईंनी यंत्राचाही दोष लिहिला म्हणून बडतर्फी टळली, पण अकराही जणांची एकेक वेतनवाढ रोखली. राज्याच्या पगाराचा वाटा कमी करण्यात आमचं तेवढंच योगदान. पण चाचांची पेन्शन वाचली, दहा पदं वाचली, आणि बाईंनी वर कळवलं, की वाटा उतरवायचा तर नुसती माणसं कापून भागणार नाही, पडून राहणारा निधी आधी कामावर खर्च व्हायला हवा, त्याला माणसं लागतात. त्या तीन जिल्ह्यांतल्या माणसांना परत बोलवायची शिफारसही त्यांनी केली, स्वतःची चूक आहे असं स्पष्ट लिहून.

माझ्यासाठी मात्र अट होती. नवं गणित खऱ्या जगात तपासायचं म्हणून मला महिनाभर ऑफिसातून काढायचं. गणित म्हणत होतं, उरलेले सावरून घेतील. घेतलं, तर बदली पक्की. अडलं, तर परत.

मी शहाद्याला गेले. सूरज स्टँडवर उभा होता, बारीक झालेला. घरमालकीणबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तूच का ती भांडखोर?" सगळं छान होतं, पण सकाळी उठल्याबरोबर मी फोनवर आमच्या तालुक्याचा तक्ता उघडायचे. पहिल्या आठवड्यात दाखल्यांचा ढीग साचला. माझ्या मनात आलं, बघा, बघा कसं अडलं! आणि त्याच क्षणी मी फोन पालथा ठेवला, कारण अडलं तर मला परत जावं लागणार होतं. एकाच बाईला दोन्ही इच्छा कशा होतात म्हणून सूरज चक्रावला. मीही चक्रावलेच होते. दुसऱ्या आठवड्यात ढीग उतरायला लागला. तिसऱ्यात साफ झाला.

महिना संपला त्या दुपारी मुल्लाचाचांचा फोन आला. मागे सगळं ऑफिस ओरडत होतं. सगळ्यांत मोठा आवाज अर्थातच चौगुलेचा. "ताई, अभिनंदन! काय नाय अडलं! तुमच्यावाचून काडीचंबी अडलं नाही!"

मी सगळ्यांचे आभार मानले, फोन ठेवला आणि हमसाहमशी रडायला लागले. सूरज घरमालकिणीच्या गोठ्यातून हात न धुताच धावत आला.

"काय झालं? बदली पक्की नाय झाली?"

"झाली."

"मग?"

"मग काय मग! इतकी वर्षं तिथे जीव ओतला, आणि माझ्यावाचून काही म्हणजे काही अडत नाही रे."

तो माझ्यासमोर उकिडवा बसला. नेहमीसारखा टोमणा मारेल म्हणून मी तयारच होते.

"ते तिथलं मोजलं त्यांनी," तो म्हणाला. "हितं कुणी मोजायला आलंच नाही. सहा वर्षं तुझ्यावाचून रोज अडत होतं."

माझं रडू एकदम थांबलं. मी त्याच्याकडे बघितलं. त्याचेच डोळे भरले होते.

"मग आधी लेखी द्यायचं नाही का मेल्या," मी म्हटलं, "अर्जाला जोडलं असतं!"